धुळ्याचा खासदार आणि नकाशावरची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

शिरपूर तालुका कोणत्या जिल्ह्यात, असं विचारलं तर शाळेतलं पोरही सांगेल, धुळे. मग शिरपूरकर लोकसभेला मत कुठे देतात? नंदुरबारला. साक्रीचंही तेच. आणि धुळ्याचा खासदार निवडायला कोण येतं? मालेगाव आणि बागलाण, म्हणजे नाशिक जिल्हा. बाहेरगावचा पाहुणा आला की हे समजावता समजावता चहा गार होतो.

आज याच धुळे लोकसभा मतदारसंघाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की इथे कोणाची लाट होती हे विचारण्याआधी त्या वेळी रेघ कुठून गेली होती ते पाहावं.

लाट मात्र एकदा खरोखर आली होती. साल १९५७. मुंबईसह महाराष्ट्र द्या म्हणताना गुजरातसकट द्वैभाषिक राज्य गळ्यात पडलेलं, लोक संतापलेले. त्या निवडणुकीत देशभरातून जनसंघाचे अवघे चार खासदार लोकसभेत गेले. त्यातले एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपल्या धुळ्याचे उत्तमराव पाटील. पुढे १९८० मध्ये भाजप स्थापन झाल्यावर हेच उत्तमराव महाराष्ट्रात पक्षाचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये शेजारच्या एरंडोलमधून पुन्हा लोकसभेत पोचले. आज तो एरंडोल मतदारसंघच उरलेला नाही, तो २००८ च्या फेररचनेत, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा, गेला.

त्याच १९५७ मध्ये पूर्व खानदेशाने, म्हणजे आजच्या जळगावच्या बाजूने, नौशेर भरुचा यांना निवडून दिलं. मुंबईचे पारशी वकील! हल्ली उमेदवार ‘बाहेरचा’ म्हणून कुरबुर ऐकली की मला हे नाव आठवतं.

साठच्या दशकात जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली, चुडामण पाटील खासदार झाले. त्यावर फार रेंगाळत नाही, कारण पुढचा काळ जास्त मजेचा आहे. तेव्हा धुळे अनुसूचित जमातींसाठी राखीव होतं. १९९१ ला काँग्रेसचे बापू चौरे. १९९६ ला भाजपचे साहेबराव बागूल. १९९८ ला काँग्रेसचे डी. एस. अहिरे. दीड वर्षात पुन्हा निवडणूक, १९९९ ला भाजपचे रामदास गावित. २००४ ला परत बापू चौरे. पाच निवडणुका, आणि दर वेळी पक्ष बदललेला! शेजारी नंदुरबारला माणिकराव गावित एकाच पक्षातून एकामागून एक नऊ वेळा निवडून येत होते, आणि इकडे धुळेकर कोणालाच दुसऱ्यांदा सलग बसू देत नव्हते.

मग २००८ ची फेररचना आली, २००१ च्या जनगणनेच्या आधारावर. धुळ्याचं आरक्षण गेलं. सहा विधानसभा मतदारसंघ ठरले: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण. तीन इकडचे, तीन तिकडचे. अर्थात बागलाणला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच तालुक्यातल्या सटाण्याच्या बाजारात उभे राहा, कानावर आपलीच अहिराणी पडेल. जिल्हा नाशिक असला तरी बोली खानदेशाची आहे.

या रेघेचा पहिला फटका कोणाला बसला? शिरपूरच्या अमरिशभाई पटेलांना. २००९ ला काँग्रेसने त्यांना धुळ्यातून उभं केलं. पण त्यांचं शिरपूर तर नंदुरबारमध्ये गेलेलं! घरची हुकमी मतं ज्याला म्हणतात, ती त्यांच्या कामाचीच राहिली नाहीत. त्यात मालेगावचे जुने समाजवादी नेते निहाल अहमद रिंगणात होते, त्यांनी सत्तर हजारांवर मतं घेतली. भाजपचे प्रताप सोनवणे जिंकले ते सुमारे १९ हजारांनी. आता तुम्हीच वजाबाकी करून बघा.

२०१४ ला भाजपने डॉ. सुभाष भामरे यांना आणलं, कॅन्सरचे सर्जन. त्यांच्या मातोश्री गोजरताई भामरे साक्रीच्या काँग्रेस आमदार होत्या. म्हणजे यांचंही साक्री नंदुरबारमध्ये! तरी ते १ लाख ३० हजारांनी आले, अमरिशभाई पुन्हा हरले. मोदी लाटेत रेघ झाकली गेली, असं म्हणू या. २०१९ ला आघाडी २ लाख २९ हजारांवर गेली. दरम्यान डॉक्टरसाहेब संरक्षण राज्यमंत्रीही झाले होते.

आणि मग २०२४. काँग्रेसने नाशिकच्या माजी महापौर डॉ. शोभा बच्छाव यांना तिकीट दिलं, त्यावरून धुळ्यातल्याच काँग्रेसवाल्यांनी नाकं मुरडली. मतमोजणीत भामरे सहापैकी पाच मतदारसंघांत पुढे. सहावा मालेगाव मध्य. तिथे बच्छाव यांना जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी खासदार झाल्या.

एकट्या मालेगावने निकाल फिरवला म्हणून नंतर बरंच कडवट बोललं गेलं. मी हिशोबाचं एक सांगतो. भामरेंना २०१९ ला ६ लाख १३ हजार मतं होती, २०२४ ला ५ लाख ८० हजार. ही ३३ हजारांची तूट एकट्या मालेगाव मध्यमध्ये शोधून सापडणार नाही, कारण तिथे त्यांचा पाया कधी मोठा नव्हताच. पाच हजार मतं इतर कुठेही टिकली असती, तर आज मालेगावचं नावही कोणी घेतलं नसतं.

पुढची जनगणना झाली की पुन्हा फेररचनेचा विषय निघेल. फेररचना आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. शिरपूर आणि साक्रीच्या मंडळींनी आपलं म्हणणं आत्तापासून कागदावर मांडून ठेवायला हरकत नाही. सटाणेकरांनीही.

नमस्कार.