समेवर येणारा कॉम्प्युटर

मंडळी, विषय तुम्हाला ठाऊकच आहे. घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं तर कॉम्प्युटर कुठला घ्यावा आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कुठली असावी? उत्तर देणार आहे, पळून जाणार नाही. पण आधी माझी एक कुरबूर ऐकून घ्या. हा प्रश्न मला नेहमी उलटा विचारला जातो. फोन येतो, ‘कॉम्प्युटर घेतला, एकदम जबरदस्त आहे, आता यावर रेकॉर्डिंगसाठी काय टाकू?’ झालं! वरातीमागून घोडं.

आधी सॉफ्टवेअर ठरवा. तुमचा साथीदार लॉजिक प्रो या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम करत असेल आणि तुम्हाला त्याच्याच फायली उघडायच्या असतील, तर चर्चा संपली, मॅक घ्या. लॉजिक एके काळी विंडोजवरही चालायचं. २००२ साली अ‍ॅपलने ईमॅजिक ही मूळ कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद करून टाकली. विंडोजवाले बसले हात चोळत. रीपर हे सॉफ्टवेअर मात्र मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्ही सिस्टीमवर चालतं. सॉफ्टवेअरनंतर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामधली ती डबी. आणि मग कॉम्प्युटर. या क्रमाने गेलात तर निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

आता माझा खरा लाडका मुद्दा. प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झ, कोअर किती, हे सगळे विचारतात. पण आवाज हा फार हलका माल आहे हो. ४८ किलोहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदी (सॅम्पल), २४ बिट, एक माइक: मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. मोबाईलवरचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट जागा खातो. मग अडतं कुठे? अडतं वेळेवर. कॉम्प्युटर आवाज एकेक थेंब घेत नाही, ओंजळीने घेतो. त्या ओंजळीला बफर म्हणतात. २५६ सॅम्पलचा बफर ठेवलात तर ५.३ मिलिसेकंदांत ती ओंजळ रिकामी करून, त्यावर इफेक्ट वगैरे लावून, पुढची घ्यायला हजर व्हायचं. म्हणजे सेकंदाला सुमारे १८७ वेळा समेवर यायचं. तान कितीही द्रुत घ्या, सम चुकली की चुकली. १८६ वेळा लवकर आलो होतो, ही सबब इथे चालत नाही. एकदा हुकलं की रेकॉर्डिंगमध्ये टिक ऐकू येते.

या टिकेची एक गोष्ट सांगतो. (हसू नका, टिक म्हणालो, टीका नव्हे. तीही होतेच.) माझा एक मित्र, गळा सुरेख, त्याने नवाकोरा लॅपटॉप आणला. इतका महाग की कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे. गायला बसला की मधूनच टिक. आम्ही केबल बदलली. माइक बदलला. इंटरफेस दुसऱ्या पोर्टला लावला. शेवटी तर त्याने स्वतःच्या कवळीवर संशय घेतला, ती काढून गायला. शब्द कळेनासे झाले, टिक तशीच. एका जाणकाराने सांगितलं, प्रोसेसर कमी पडतोय. बघितलं तर प्रोसेसर दहा टक्केही काम करत नव्हता, निवांत होता. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. त्यांनी विचारलं, ‘सर, गाणी नीट वाजतात ना?’ हा म्हणाला, वाजतात. ‘मग मशीनमध्ये दोष नाही, सर.’ फोन बंद. अहो, गाणी वाजणारच. नुसतं वाजवायला मोठा बफर चालतो, वाट बघायला तिथे कोणाला अडचण आहे?

शेवटी लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम चालवला. तो प्रोसेसर किती वेगवान ते सांगत नाही. कोणता ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, रस्ता अडवून बसतो, ते नावानिशी सांगतो. नाव निघालं वाय-फायच्या ड्रायव्हरचं. विंडोजमध्ये ड्रायव्हरची तातडीची कामं तुमच्या रेकॉर्डिंग प्रोग्रामच्या आधी उरकली जातात. ड्रायव्हर नीट लिहिलेला असेल तर ती चुटकीसरशी होतात. हा पठ्ठ्या मात्र काही मिलिसेकंद ठाण मांडून बसत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय डिसेबल केलं, टिक गेली. दिवे मात्र अजून लागतात. तेव्हापासून कोणी रेकॉर्डिंगसाठी गेमिंग लॅपटॉप घेऊ का विचारलं की मी आधी त्या दिव्यांचं काय ते विचारतो. त्या मशीनचा पंखाही असा की माइकला वाटावं शेजारी गिरणी चालू आहे. पंख्याचा आवाज कुठल्याच जाहिरातीत का लिहीत नाहीत, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, आता भराभर.

मॅक. कोअर ऑडिओ ही आवाजाची व्यवस्था सिस्टीमच्या पोटातच आहे, बरेचसे इंटरफेस नुसते लावले की चालतात. मॅकबुक एअरला, २०२० च्या एम१ चिपच्या मॉडेलपासून, पंखाच नाही, माइकशेजारी ठेवा. तोटे दोन. मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी विचार करून घ्या. आणि दरवर्षी नवी सिस्टीम येते. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्राम बंद केले, लोकांचे जुने प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट आणि वाद्यं, एका रात्रीत गेले. काम अर्धवट असताना अपडेटला हात लावू नका.

विंडोज. इथे सगळं एएसआयओ ड्रायव्हरवर, म्हणजे इंटरफेस आणि रेकॉर्डिंग प्रोग्राम यांना थेट जोडणाऱ्या ड्रायव्हरवर. हा मार्ग १९९७ साली स्टाइनबर्ग या सॉफ्टवेअर कंपनीने काढला, अजून चालू आहे. इंटरफेस असा घ्या ज्याचा एएसआयओ ड्रायव्हर त्याच कंपनीने लिहिलेला आहे. एएसआयओफोरऑल हा सगळ्यांना चालणारा तयार ड्रायव्हर म्हणजे जुगाड आहे, अडीनडीला ठीक. विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्रांती मिळाली, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हा जुनं मशीन वापरणार असाल तर ते इंटरनेटपासून लांब ठेवलेलं बरं. टिकाही कमी होतील.

लिनक्स. माझं मन इथे आहे, हे ओळखलं असेलच. रेकॉर्डिंगला आर्डर आहे, रीपर आहे, आवाज इकडून तिकडे नेणाऱ्या पाइपवायरमुळे जोडाजोडीची कटकट बरीच कमी झाली. आणि वेळेवर येण्याची हमी देणारा रिअल-टाइम भाग अनेक वर्षं बाहेर ताटकळल्यावर २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. पण पैसे मोजून घेतलेले तुमचे आवडते प्लगइन लिनक्सवर बहुधा मिळणार नाहीत. त्यांच्याशिवाय चालत नसेल तर माझ्या नादी लागू नका.

मेमरी १६ जीबी. सॅम्पल केलेली वाद्यं, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, भरपूर वापरणार असाल तर ३२. एसएसडी हवीच.

राहिली लेटन्सी, म्हणजे आवाज माइकपासून कानापर्यंत यायला लागणारा उशीर. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. १०२४ चा बफर ठेवून हेडफोनमध्ये स्वतःला ऐकलंत तर जाऊन-येऊन ४३ मिलिसेकंद होतात, म्हणजे आपलाच आवाज पंधरा मीटरवरून येतोय असं वाटतं. गाणार कसं? गाताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला बसलात की खुशाल १०२४. पण नुसता गळा आणि माइकपुढची गिटार असेल, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. मग घरात आहे तो जुना लॅपटॉपसुद्धा पुरेल. कॉम्प्युटरमधला पियानो वाजवायचा असेल किंवा गिटारचा अँप्लिफायर कॉम्प्युटरमध्येच असेल, तेव्हा मात्र या बटणाचा उपयोग नाही. तिथे मशीन वक्तशीरच लागतं.

खुर्च्या आवरायला मंडळी आली आहेत. प्रश्न असतील तर बाहेर या, आणि येताना आपला इंटरफेस कुठला ते आठवून या.