मुठीतली चिठ्ठी

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात घरोघरी माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. पूर्वी त्या काशी-रामेश्वरला निघायच्या, आता बँकॉक, सिंगापूर, दुबईला निघतात. पासपोर्ट कुठे ठेवायचा, औषधं कशी बांधायची, लीलो चिवडा किती न्यायचा, हे मी बडोदेकरांना सांगायला नको. मी आज बोलणार आहे परदेशातल्या रस्त्यावर भेटणाऱ्या भविष्यवाल्याबद्दल. बँकॉक, सिंगापूर, लंडन, मेलबर्न, कुठेही भेटेल. आपल्यासारखाच दिसतो, हिंदी बोलतो, वाटेत आडवा येतो आणि म्हणतो, "आपका माथा बहुत लकी है."

एक वाक्य आत्ताच लक्षात ठेवा: त्याने दिलेली चिठ्ठी तुमच्या मुठीत राहत नाही. असं का म्हणते, ते गोष्टीतून कळेल.

आमच्या शेजारी नाना आणि काकू राहतात. नाना कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा कॅनडात. दोघं सहलीबरोबर बँकॉकला गेले होते. गोष्ट काकूंची आहे आणि ती रेडिओवर सांग, असा आग्रहही त्यांचाच.

बँकॉकमध्ये एरावन हॉटेलच्या कोपऱ्यावर चतुर्मुख ब्रह्मदेवाची सोनेरी मूर्ती आहे. ते देवस्थान 1956 सालचं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात आणि तिथे भर चौकात, आगगाडीच्या पुलाखाली, झेंडूच्या माळा, उदबत्त्या, नवसाचे लाकडी हत्ती आणि नवस फेडायला नाचणाऱ्या मुली. काकूंना फार प्रसन्न वाटलं. गटातली मंडळी समोरच्या मॉलमध्ये शिरली होती. सहलवाल्यांनी खरेदीला तीन तास दिलेले.

इथे जरा थांबून बोलते, कारण मला याची चीड आहे. आपले सयाजीराव महाराज 1887 साली पहिल्यांदा युरोपला गेले, पुढे अनेकदा गेले आणि दर वेळी काही ना काही बघून आले. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली आणि 1910 मध्ये तिथले ग्रंथपाल बॉर्डनसाहेब यांना बडोद्याला आणून गावोगावी वाचनालयं उभी केली. त्या बडोद्याची माणसं परदेशात जाऊन तीन तास मॉलमध्ये काढतात आणि संग्रहालयाला अर्धा तासही मिळत नाही. सहल ठरवताना हे भांडून घ्यायला हवं. असो.

तर नाना-काकू दोघंच फुटपाथवर उभे. एक माणूस आला. शिखांसारखी पगडी, इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची लहानशी वही. काकूंकडे पाहून म्हणाला, "कसं काय आई, बरं आहे का?" परक्या मुलखात मराठी कानावर पडलं! काकू जागच्या जागी थांबल्या. मग तो हिंदीत सुरू झाला. "आपका बेटा दूर है. आप रात को ठीक से सोती नहीं. घुटने में दर्द है, पर उससे ज़्यादा मन में है." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाचा तिकडे कायम राहण्याचा परवाना अडकला होता आणि त्या खरोखरच झोपत नव्हत्या.

त्याने वहीवर काहीतरी लिहिलं, कागद फाडला, चुरगळून गोळी केली आणि काकूंच्या हातात ठेवून मूठ मिटवली. "खोलना मत." मग विचारलं, आवडतं फूल? काकू म्हणाल्या, मोगरा. बघा हं, गुलाब म्हणाल्या असत्या तर आपण म्हटलं असतं की बहुतेक माणसं गुलाबच म्हणतात. पण मोगरा! मग विचारलं, आईचं नाव? काकूंनी आईचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात बदललेलं, त्यानंतर घरात कुणी उच्चारलेलं नाही असं नाव. तो हिशोब केल्यासारखं वहीत खरडत होता. "अब फूँक मारिए. खोलिए."

काकूंनी गोळी उलगडली. आत लिहिलं होतं: मोगरा. आणि खाली आईचं माहेरचं नाव.

काकू मला म्हणाल्या, "अगं, आई गेल्यापासून ते नाव मी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आईच बोलतेय."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण पाकीट घट्ट धरून बसेल? त्याने वही उघडली. आत एका साधूचा फोटो, फोटोखाली घडी केलेल्या नोटा. "छोटा आदमी एक हज़ार देता है, अच्छा आदमी दो, दिलवाला तीन." नानांनी तीन हजार बाहत दिले. मग त्याचा आवाज उतरला. मुलावर कुणीतरी करणी केली आहे, नऊ दिवसांची पूजा लागेल, आज दिली नाही तर काम बिघडेल. आणखी पाच हजार गेले. आठ हजार बाहत म्हणजे आपले वीस हजारांच्या घरात. माणूस गर्दीत मिसळला.

घरी आल्यावर नाना गप्प आणि काकू मात्र ठाम: "पैसे गेले ते गेले, पण चिठ्ठी माझ्या मुठीत होती. मूठ मी सोडली नव्हती."

माझा भाचा हातचलाखीचे प्रयोग करतो. त्याला मी बोलावलं. ओट्यावर बसून त्याने काकूंना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, न टोकता, तीनदा. तिसऱ्या वेळी नाना मध्येच म्हणाले, "थांब. त्याने गोळी तुझ्या कपाळाला लावली होती ना?" काकू म्हणाल्या, "हो, आशीर्वाद म्हणून." "मग ती त्याच्या हातात गेली होती की!"

काकू कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत.

पहिली गोळी कोरी असते, नाहीतर तिच्यावर काहीही खरडलेलं असतं. तुम्ही उत्तरं देता, तो ती वहीत लिहितो, तोच कागद फाडून दुसरी गोळी करतो आणि बोटांच्या बेचक्यात लपवतो. मग कपाळाला लावायच्या निमित्ताने पहिली घेतो आणि दुसरी देतो. फुंकर मारायला लावतो ती त्यानंतर, म्हणजे मधला तो क्षण आपण विसरावा. भाच्याने हे सगळं आधी समजावून सांगितलं आणि मग काकूंवरच करून दाखवलं. माहीत असूनही त्यांना गोळी बदललेली दिसली नाही. म्हणून पुन्हा सांगते: चिठ्ठी मुठीत राहत नाही. आपल्याला फक्त तसं आठवतं.

आणि काकू मराठी आहेत, हे त्याला कसं कळलं? काकूंच्या गळ्यात दोन वाट्यांचं मंगळसूत्र होतं. गुडघ्याला पट्टा होता. सहलीच्या ओळखपत्रावर बडोदा लिहिलेलं होतं. गुजरातेतून आलेलं साठीचं जोडपं, बरोबर मूलबाळ नाही, तर मुलगा परदेशात असण्याचा अंदाज कुणीही बांधेल. "रात्री झोप लागत नाही" हे तर कोणत्या आईला लागू पडत नाही? 1948 साली अमेरिकेत फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनाचा एकेक कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. "हे तुम्हाला किती लागू पडतं?" असं विचारल्यावर पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या आसपास गुण पडले. शिकलेली मुलं होती ती.

पगडीबद्दल एक सांगितलंच पाहिजे. हे सोंग आहे. शीख गुरूंनी शकुन-अपशकुन, ग्रहताऱ्यांचा फलादेश साफ नाकारला आहे. त्याच बँकॉकमध्ये पाहुरातच्या गुरुद्वाऱ्यात कुणालाही लंगरचं जेवण मिळतं. एका ठकामुळे त्या समाजाकडे वाकड्या नजरेने पाहू नका.

आता निघणाऱ्यांसाठी थोडं. गळ्यातलं ओळखपत्र रस्त्यावर सदऱ्याच्या आत ठेवा. कुणी हातात काही ठेवू लागला तर हात मागे घ्या आणि चालत राहा. उत्तर देऊ नका, "नको" सुद्धा म्हणू नका, कारण बोलणं सुरू झालं की थांबवणं अवघड जातं. दिलंच काही, तर त्याच दिवशी गटप्रमुखाला सांगा.

आणि घरी राहणाऱ्यांनो, परत आलेल्या माणसाला हसू नका. नाना गप्प राहिले ते पैशांमुळे नव्हे, गल्ली काय म्हणेल यामुळे. माणसं लपवतात, म्हणून पुढच्या गटाला सावध करायला कुणी उरत नाही. काकूंनी मात्र भाच्याकडून ती गोळी बदलायला शिकून घेतली आहे आणि भजनी मंडळात बायकांना करून दाखवतात.

थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, इंग्रजीत बोलतात. त्यांचा नंबर लिहून घ्या: 1155. पुन्हा सांगते, अकरा पंचावन्न. नमस्कार.