डिस्चार्जच्या आधी आरसा

नमस्कार. विषय दिलाय ‘योनीनिर्मिती शस्त्रक्रियेनंतर जखम भरताना येणाऱ्या अडचणी’. सगळ्यांवर बोलणार आहेच, पण आधी हा आरसा बघा. बांगड्यांच्या दुकानातून आणलाय. हसताय ना, हसा! माझ्या वॉर्डात कुठलीही बाई हा हातात घेऊन, मागे उशी लावून, पाय फाकवून स्वतःची जखम बघितल्याशिवाय घरी जात नाही.

याचं कारण सांगते. सोलापूरकडची एक ट्रान्सजेंडर मुलगी होती. ऑपरेशन छान झालं, योनीत भरलेलं पॅकिंग निघालं, घरी गेली. पंधराव्या दिवशी रात्री फोन, “सिस्टर, शिवण उसवली.” बोट लावलं तर खड्डा लागला, एवढंच तिला कळलेलं. बघायची हिंमत झाली नाही. तिची आई रात्रीच तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. पडदा ओढला, पण पडद्याच्या आत सात जण. त्यातल्या कितींचं तिथं काम होतं? एकीनं तर “आधी काय होतास?” असं विचारलं. मग कुणीतरी पंधरा दिवसांची ती ओली जखम ओढून पुन्हा शिवली. चौथ्या दिवशी टाके तुटले, आत पू. एसटीत एका कुशीवर बसून ती आमच्याकडे आली. मला आजही त्या सात जणांचा राग येतो. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचं कलम १५ वाचा. या रुग्णांसाठी डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्यायचं त्यात लिहिलंय. पडद्याआड कुणी थांबायचं हे शिकायला तर कायदाही लागू नये.

आता त्या उसवलेल्या जागेविषयी. टाके बहुतेक वेळा योनीमुखाच्या खालच्या कडेला, गुदद्वाराच्या बाजूला सुटतात, कारण बसता-उठता ताण तिथंच येतो. अशी छोटी उघडी जखम सहसा पुन्हा शिवत नाहीत. स्वच्छ ठेवायची, सलाइनचं ड्रेसिंग करायचं. ती तळापासून भरत येते. आठवडे लागतात. तळाला लालसर ओलं मांस दिसलं तर जखम भरतेय. पिवळट थर म्हणजे दर वेळी पू नसतो. त्या मुलीला मी रोज आरशात दाखवायची. तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, “सिस्टर, काल बोटाचं टोक जात होतं, आज नाही जात.”

आयोजक घड्याळ दाखवताहेत. उरलेलं भराभर सांगते.

कधी मांस गरजेपेक्षा जास्त वाढतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, धक्का लागला की रक्त. डायलेटरवर, म्हणजे योनीमार्ग मोकळा राहावा म्हणून आत घालतात त्या कांडीवर, रक्ताचा डाग दिसतो आणि बाई घाबरून डायलेटर बंद करते. हे मांस डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटच्या काडीनं जाळतात, काही मिनिटांचं काम. डायलेटर मात्र स्वतःच्या मनानं सोडायचा नाही, मार्ग आकसतो. सुरुवातीचे महिने दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे कमी. तुमचं वेळापत्रक सर्जन देतील.

लघवीची धार फाकते, ती सूज उतरली की बऱ्याचदा सुधारते. लघवी अडलीच तर थांबू नका. पॅडमागून पॅड भिजतंय, थंडी वाजून ताप येतोय, कातडी काळी पडतेय, पायाची पोटरी सुजून दुखतेय, दम लागतोय, तर त्याच तासाला निघा. योनीतून वारा किंवा शौच येतंय असं वाटलं तर डायलेटर लगेच थांबवा आणि त्याच दिवशी सर्जनला फोन करा. आतड्याला भोक पडलेलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण लाजून आठवडा काढलेल्या बायका मी पाहिल्यात. सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. जखमेला रक्त कमी मिळतं.

मागच्या टेबलावर डायलेटर ठेवलेत, चारही मापांचे. हात लावून बघा, वजन बघा. आरसेही आहेत, ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी एकेक घेऊन जा.