पिवळ्यातला नेमका पिवळा

श्रोतेहो, नमस्कार. दादरच्या फूलबाजारातून झेंडू आणलात की एक फूल पांढऱ्या कागदावर हलकेच आपटून बघा. मिलिमीटरभर लांबीच्या बारीक रेघा तुरुतुरु पळताना दिसल्या, तर ते फुलकिडे. तुमच्या गॅलरीतल्या मिरचीची पानं वरच्या बाजूला वळतात, त्यामागंही बहुधा हेच असतात.

"ताई, किडा पिवळा आहे, मग कोणता?" असं वसई-विरारकडचे भाजीवाले शेतकरी मला विचारतात. रंगावर मी भिस्त ठेवत नाही. कांद्यावरचा फुलकिडा, थ्रिप्स टॅबॅसी, थंडीत गडद तपकिरी, तर उन्हाळ्यात फिकट पिवळा दिसतो. वांग्यावरचे पिवळे किडे एकदा मी घाईनं थ्रिप्स पामी या जातीचे म्हणून नोंदवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचपट्टी केली तेव्हा ते थ्रिप्स फ्लेव्हस निघाले.

फरक एवढासाच असतो. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध तीन साधे डोळे त्रिकोणात मांडलेले असतात आणि तिथं राठ केसांची एक जोडी असते. फ्लेव्हसमध्ये ती त्रिकोणाच्या आत उगवते, पामीमध्ये बाहेर किंवा अगदी कडेवर. मिशांचे खंड मोजून इथं काही हाती लागत नाही, दोघांचेही सातच. टॅबॅसी मात्र त्या तीन डोळ्यांनीच पकडला जातो: पामीचे लाल, त्याचे करडे. पहिल्यांदा तो करडा रंग दिसला तेव्हा मी कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता.

आणखी एक जात लक्षात ठेवा, थ्रिप्स पार्विस्पायनस. 2015 साली बंगळूरूजवळ पपईवर तिची नोंद झाली आणि 2021 मध्ये आंध्र-तेलंगणातली मिरची तिनं उजाड केली. पामीच्या पोटाच्या आठव्या खंडाच्या मागच्या कडेला केसांची नाजूक फणी असते. हिला ती नसते.

एवढा खटाटोप कशाला? भुईमुगातला शेंडेमर हा रोग ज्या विषाणूनं होतो, तोच टोमॅटोवरही येतो, आणि तो पसरवण्यात पामीचा हात मोठा. शेतात पामी आहे की नुसता त्याचा सारखा दिसणारा भाऊ, हे फवारणीआधी कळायला हवं.

नमुना पाठवायचा असेल तर पंखवाले प्रौढ किडेच घ्या, पिल्लांवरून जात सांगणं फार अवघड. सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत ते टाका आणि आत कोणत्या झाडावरचे, कुठले, कधीचे ही चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.