कोरी जागाही ठेवली नाही

मंडळी, माझ्या वडिलांचा कोल्हापुरात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि एक चारपानी साप्ताहिक, एवढाच कारभार. आणीबाणी लागली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. जुलै १९७५मधल्या एका अंकातल्या अकरा ओळी काढा, असा वरून निरोप आला. ते शिशाच्या खिळ्यांचे दिवस. फर्म्यातून, म्हणजे खिळे जुळवून आवळलेल्या चौकटीतून, ओळी काढल्या की तिथे भोक ठेवून चालत नाही. आजूबाजूचे खिळे ढिले होतात आणि फर्मा उचलला की सगळी छपाई जमिनीवर सांडते. म्हणून आमच्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने बुटके, शाई न लागणारे शिशाचे तुकडे वेचले आणि अकरा ओळींची जागा एकेक करून भरली. कोरेपणसुद्धा हाताने जुळवावं लागलं. अंक बाहेर पडल्यावर दोन दिवस लोक दुकानात येऊन त्या जागेवर बोट ठेवून विचारत होते, "हितं काय हुतं वो?"

तिकडे २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. सरकारला त्या जागेचा अर्थ बरोबर कळला. पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. मजकूर काढायचा आणि काढल्याची खूणही ठेवायची नाही. आज मला तुमच्याशी या खुणेबद्दलच बोलायचं आहे, कारण इंटरनेटवर ती पार पुसली गेली आहे.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९अ नावाचं कलम आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार कुठलंही संकेतस्थळ, खातं, व्हिडिओ भारतात बंद करायचा आदेश देऊ शकतं. ते कसं करायचं याचे नियम २००९ साली झाले. त्यातला आठवा नियम म्हणतो, मजकूर लिहिणाऱ्याला किंवा तो ठेवणाऱ्या कंपनीला नोटीस द्या. सगळी मेख त्या ‘किंवा’मध्ये आहे. कंपनीला कळवलं की काम भागतं, लिहिणाऱ्याला कळवलं नाही तरी चालतं. आणि सोळावा नियम म्हणतो, तक्रार आणि कारवाई काटेकोरपणे गुप्त ठेवा. म्हणजे तुमचं लिखाण कुणाच्या तक्रारीवरून, कुठल्या कारणासाठी गेलं, हे तुम्हालाच कळणार नाही. वाचणाऱ्याचं तर नावच नको. त्याला वाटतं नेट स्लो आहे. तो दोनदा बोट फिरवतो आणि पुढे जातो. "हितं काय हुतं वो" हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही.

एक उदाहरण सांगतो. एका पत्रकाराने २०११ साली हुंड्याची रेवडी उडवणारं संकेतस्थळ काढलं. मुलाचं शिक्षण, नोकरी, पगार भरा, आणि त्याचा ‘भाव’ किती ते बघा. हुंडा मागणाऱ्यांच्या थोबाडीत मारणारी गोष्ट होती ती. २०१८मध्ये ते बंद करण्यात आलं, ते हुंड्याला उत्तेजन देतं म्हणून! उपहास करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. त्याला ना नोटीस, ना आदेशाची प्रत. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका, असं न्यायालयाने सांगितलं ते मे २०२२मध्ये. आपल्याला शिक्षा का झाली, एवढं कळायला इतकी वर्षं. आणि हा कोर्टाची पायरी चढू शकणारा माणूस. तालुक्याच्या गावात बसून यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्या पोराने काय करायचं?

पालघर आठवतं ना? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, असं एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. एका लाइकसाठी! त्या वेळी याच कायद्यात कलम ६६अ होतं. ‘त्रास होईल’ असं काही पाठवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की मेलेल्या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

२०१५च्या त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं. का टिकलं? तर आदेशामागची कारणं लेखी नोंदवली जातात, म्हणून नंतर दाद मागता येते. बरोबर आहे. पण ती कारणं कपाटात कुलूपबंद असतील तर दाद मागायची कशाच्या जोरावर? शिवाय आता ६९अचीही गरज पडेनाशी झाली आहे. २०२४पासून ‘सहयोग’ नावाचं पोर्टल आहे. त्यावरून निरनिराळ्या खात्यांचे आणि पोलिसांचे अधिकारी लोकांच्या मजकुरासाठी कंपन्यांना जबाबदारीतून सूट देणाऱ्या कलम ७९चा आधार घेऊन कंपन्यांना थेट ‘हे काढा’ असं कळवतात. एक्स, म्हणजे पूर्वीच्या ट्विटर, कंपनीने त्याला आव्हान दिलं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळलं. मला तो निकाल पटत नाही. आदेश काढणं जितकं सोपं, तितका तो काढणाऱ्याचा हात सैल होतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा मात्र मला अभिमान आहे, आणि तो आजचा नाही. १९७६मध्ये संपादक मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या प्रकरणात, आणीबाणी चालू असताना, याच न्यायालयाने सांगितलं होतं, की सगळ्यांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. २०२३मध्ये केंद्राने नियम केला, की सरकारी कामकाजाबद्दल ऑनलाइन लिहिलेलं खोटं की खरं हे सरकारचंच एक पथक ठरवणार. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मंडळी कोर्टात गेली. जानेवारी २०२४मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं दोन दिशांना गेली. मग तिसरे न्यायाधीश, न्या. अतुल चांदूरकर, यांनी २० सप्टेंबर २०२४ला कौल दिला आणि तो नियम रद्द झाला. आरोपीच पंच, हे न्यायालयाने चालू दिलं नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की अफवांचं काय? धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा मी विसरलेलो नाही. १ जुलै २०१८. मंगळवेढ्याकडचे, भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचांना ठेचून मारलं. या मरणांपुढे अभिव्यक्तीच्या गप्पा मारताना जीभ अडखळते, माझीही अडखळते. पण त्यानंतर काय झालं ते बघा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग कमी करायचा हा रस्ता होता, आणि त्यात कुणाचं पत्र फोडावं लागलं नाही. सरकारने २०२१च्या नियमांत दुसरा रस्ता धरला: निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला, हे कंपनीला शोधता आलं पाहिजे. एकाचा माग काढायचा तर प्रत्येकाच्या निरोपावर खूण ठेवावी लागते. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

पूर्वी आपल्याकडे पोस्टकार्ड होतं आणि आंतरदेशीय पत्र होतं. सुनेचं माहेरी गेलेलं पोस्टकार्ड पोस्टमनपासून सासूपर्यंत सगळे वाचायचे, म्हणून मनातलं लिहायचं तर निळं आंतरदेशीय घ्यायचं आणि कडा डिंकाने चिकटवायच्या. त्या डिंकाला कुणी देशद्रोह म्हटलं नाही. १९८६मध्ये संसदेने टपाल उघडायचे व्यापक अधिकार देणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. त्याचा कायदा कधी झालाच नाही. डिसेंबर २०२३मध्ये संसदेने नवा टपाल कायदा केला. त्याच्या नवव्या कलमात टपाल अडवायचा, उघडायचा अधिकार आहे. गावात कुणाच्या तोंडून याची चर्चा ऐकलीत? मधल्या काळात, २४ ऑगस्ट २०१७ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

आपल्या कोल्हापुरात जून २०२३मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. मोबाइलवरच्या स्टेटसवरून तणाव, बंद, दगडफेक, आणि मग इंटरनेट बंद. दगड मारणारे मूठभर, शिक्षा अख्ख्या जिल्ह्याला. माझ्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशी क्यूआर कोडचा फलक पदराने पुसत होत्या, जणू धुळीमुळेच पैसे येत नव्हते. उधारी लिहायला त्यांच्याकडे वही नव्हती. त्यांनी भेंडीच्या पिशवीवर पेनाने माझं नाव लिहिलं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९मध्ये बंद झालेलं फोर-जी सगळीकडे पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तिथल्या मावशींनी किती पिशव्यांवर लिहिलं असेल?

काश्मीरमधल्या त्या बंदीविरुद्ध पत्रकार अनुराधा भसीन यांनी केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०ला सांगितलं, की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. तेच मजकूर काढण्याच्या आदेशांना लागू करा, एवढंच माझं मागणं आहे. लिहिणाऱ्याच्या हातात आदेश द्या, आणि वाचणाऱ्याला त्या जागी दिसू द्या, की इथे काही होतं, ते अमुक तारखेला, अमुक कारणाने काढलं. नोटीस न देता मजकूर काढण्याच्या नियमांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये सरकारचं म्हणणं मागवलं. त्या याचिकेच्या तारखांवर लक्ष ठेवा आणि आपल्या खासदारांना सोळाव्या नियमाबद्दल विचारा. मी विचारलं आहे, लेखी. अजून उत्तर आलेलं नाही, पुन्हा विचारणार आहे.

वडिलांचा तो जुलै १९७५चा अंक मी सोबत आणला आहे. इथे टेबलावर ठेवतो. दुसऱ्या पानावर, डावीकडून तिसरा रकाना. कागद जुना झालाय, जरा हलक्या हाताने उलटा.