बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू: किती खाऊ घालायचं, कधी हात आवरायचा

[दृश्य: काचेची पेटी. दिव्याखालच्या दगडावर पिल्लू, समोर एक रातकिडा.]

हे बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू. रातकिडा हलला की मान वळते, जीभ बाहेर येते आणि किडा तोंडात जातो. दुसरा सोडा, तोही संपतो. दहावा, पंधरावा. पिल्लू ‘पुरे’ म्हणत नाही, म्हणून पाळणाराही थांबत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या रानात हा सरडा राहतो. पाऊस पडला की तिथे वाळवी, टोळ आणि कोवळा पाला भरपूर मिळतो. मग पुन्हा ओढाताण. मिळेल तेव्हा खाऊन घ्यायचं, ही त्याची सवय तिथली आहे. पेटीत तशी टंचाई कधीच येत नाही. म्हणून तो किती मागतो यावर जाऊ नका. त्याचं वय, वजन आणि अंगलोट पाहून खाणं ठरवा.

रोज वीस ते पन्नास रातकिडे, असा आकडा सर्रास सांगितला जातो. किड्याचा आकार सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. पाच मिलिमीटरचा आणि पंधरा मिलिमीटरचा रातकिडा शेजारी ठेवून बघा. लांबी तिप्पट, पण रुंदी आणि जाडीही तिप्पट, म्हणजे वजन साधारण २७ पट. आकाराचा नियम असा की पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून किडा मोठा नको. मोठा किडा नीट पचत नाही आणि आतड्यात अडकू शकतो. मीलवर्म या भुंग्याच्या अळ्यांचं कवच कडक असतं, म्हणून इतक्या लहान पिल्लाला ते टाळलेलेच बरे.

[दृश्य: चिमट्यातून एकेक किडा दिला जातोय. बाजूला घड्याळ.]

आकडे मोजण्यापेक्षा घड्याळ लावा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून दोन ते तीन वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. एका वेळी दोन-तीन किडे सोडा, ते संपले की पुढचे. पिल्लाने तोंड फिरवलं किंवा वेळ संपली, की उरलेले किडे वेचून बाहेर काढा. रात्री पेटीत राहिलेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात, बोटं आणि शेपटीचं टोक कुरतडतात.

पचनाला उष्णता लागते. बसायच्या दगडाचा पृष्ठभाग चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास हवा आणि तो तापमापकाने मोजायचा, हात लावून अंदाज घ्यायचा नाही. दिवे लागल्यावर तासाभराने पहिलं खाणं. दिवे मालवण्याच्या किमान दोन तास आधी शेवटचे किडे. थंड शरीरात अन्न तसंच पडून राहतं, सडतं, आणि पिल्लू ते ओकतं. ओकारी झाली तर आणखी खायला घालू नका. आधी तापमान तपासा, आणि पुन्हा झाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असतं. नुसत्या किड्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. त्यासाठी किडे द्यायच्या आधी एक दिवस त्यांना पालेभाजी आणि गाजर खाऊ घाला. मग झिपच्या पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून किडे हलकेच हलवा. अंगावर बारीक थर बसला की लगेच पिल्लासमोर सोडा, कारण रातकिडे स्वतःचं अंग साफ करतात आणि पावडर निघून जाते. बहुतेक दिवशी एका जेवणाला कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा-दोनदा मल्टिव्हिटॅमिन, एवढं पुरतं. यूव्हीबी दिवा (अतिनील किरण देणारा, त्यामुळे शरीर स्वतः डी३ जीवनसत्त्व बनवतं) चांगला असेल, तर डी३ असलेली पावडर रोज वापरू नका. जादा डी३ शरीरात साठून त्रास देतं. आणि काचेतून आलेलं ऊन यूव्हीबीच्या जागी चालत नाही.

[दृश्य: बारीक चिरलेला पाला, वर दोन-तीन छोट्या अळ्या.]

सकाळी पहिल्यांदा पाला ठेवायचा, किडे नंतर. मोहरीचा पाला, शेवग्याची कोवळी पानं, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा. बारीक चिरा, वर दोन-तीन हलत्या अळ्या (मीलवर्म सोडून) टाका. पिल्लू अळ्या टिपताना थोडा पालाही तोंडात घेतं. महिनाभर त्याने पाल्याला तोंड लावलं नाही, तरी ताटली रोज ठेवत राहा. पालक नियमित नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवतं. ॲव्होकॅडो कधीच नको. काजवा तर पेटीच्या जवळही येऊ देऊ नका. अमेरिकेतल्या फोटिनस गटातल्या काजव्यांमुळे या सरड्यांचे मृत्यू झाल्याची नोंद आहे.

आता खरी गोम. अगदी लहान पिल्लू सहसा लठ्ठ होत नाही, कारण सगळं वाढीत जातं. सहा-सात महिन्यांनंतर वाढ मंदावते आणि खाण्याचं वेळापत्रक मात्र तान्ह्या पिल्लाचंच चालू राहतं. त्यातून यकृतात चरबी साठते. म्हणून तीन ते सहा महिन्यांत किडे दिवसातून दोनदा. त्यानंतर एकदा, मग वर्षाच्या आसपास एक दिवसाआड. पूर्ण वाढ झाली की आठवड्यातून दोन-तीनदाच. ताटात आधी किडे जास्त आणि पाला कमी होता, वर्ष-दीड वर्षात ते उलटं व्हायला हवं. मेणअळ्या चरबीने भरलेल्या असतात, त्या क्वचितच. त्यांची चटक लागली की सरडा बाकी काही खाईनासा होतो.

[दृश्य: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यात बसलेलं पिल्लू.]

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी खाण्याआधी वजन करा आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवा. वाढत्या पिल्लाचा आकडा चढता असतो. तो तीन आठवडे अडून राहिला आणि शेपटीचं मूळ बारीक दिसायला लागलं, तर किडे वाढवण्याआधी विष्ठा तपासून घ्या. आतड्यातले परजीवी हे त्याचं नेहमीचं कारण. उलट काखेत फुगवटे, हनुवटीखाली लोंबती चरबी, बसल्यावर दोन्ही बाजूंना पसरणारं पोट ही लठ्ठपणाची लक्षणं. मादी वर्षाची झाली असेल तर तिला लठ्ठ ठरवायची घाई नको, नर नसतानाही तिच्या पोटात अंडी असू शकतात.

लठ्ठ झालेल्या सरड्याला एकदम उपाशी ठेवू नका, त्याने यकृतावर आणखी ताण येतो. मेणअळ्या बंद करा, किडे हळूहळू आठवड्यातून दोन दिवसांवर आणा, पाला रोज द्या. किडे पेटीच्या दुसऱ्या टोकाला सोडा, म्हणजे धावावं लागेल. वजन महिन्या-दोन महिन्यांत हळूच उतरू द्या. मध्येच त्याने पालाही सोडला, तर वाट बघत बसू नका, पशुवैद्याकडे न्या.