पायात गुठळी झाली, थ्रॉम्बोफिलियाची तपासणी आजच करायची का?

श्रोतेहो, नमस्कार.

पोटरी सुजली, दुखायला लागली, डॉपलर सोनोग्राफी केली तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. पेशंट अ‍ॅडमिट, रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवर लिहून येतं 'थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल', म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती शोधणाऱ्या चाचण्यांचा संच. घरचे काही हजार रुपये मोजतात. समजा, रिपोर्ट असा आला: प्रोटीन एस ३८ टक्के, अँटिथ्रॉम्बिन ६२ टक्के, दोन्हींपुढे ठळक अक्षरात 'कमी'. मग घरात सुरू होतं, "यांच्या रक्तातच दोष आहे." लग्नाच्या मुलीपर्यंत ते जाऊन पोचतं.

आकडे खोटे नसतात. पण त्यांवरून दोष जन्मजात आहे असं म्हणता येत नाही. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही रक्त गोठण्याला लगाम घालणारी प्रथिनं. मोठी गुठळी होताना ती खर्ची पडतात. त्यात हेपॅरिन चालू असलं की अँटिथ्रॉम्बिन आणखी उतरतं. वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या के जीवनसत्त्वाचं काम अडवतात, आणि प्रोटीन सी व एस त्याच जीवनसत्त्वावर तयार होतात, म्हणून ती खाली येतात. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर प्रोटीन एस कमी दिसणं हे तर नेहमीचंच. रिव्हॅरोक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांची तऱ्हा उलटी: काही पद्धतींत त्या आकडा खोटाच वाढवतात आणि खरा दोष झाकून टाकतात.

मग कधी करायची? साधारण तीन महिन्यांचे उपचार झाल्यावर, गोळ्या थांबवायचं ठरलं तर. वॉरफेरिन बंद करून किमान दोन आठवडे, शक्यतो चार, जाऊ द्यावेत. नव्या गोळ्यांना मूत्रपिंड ठीक असेल तर दोन-तीन दिवस पुरतात. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे थांबावं. मात्र नुसत्या तपासणीसाठी आपल्या मनानं गोळी बंद करू नका. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन या जनुकांच्या चाचण्या कधीही चालतात, औषधांनी जनुक बदलत नाही. पण लायडनचा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत जितका आढळतो, त्या मानानं आपल्याकडे बराच कमी.

त्याआधीचा प्रश्न: उत्तरानं उपचार बदलणार आहेत का? खुब्याच्या ऑपरेशननंतर किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना गुठळी झाली, तर कारण समोरच आहे. तीन महिने औषध, विषय संपला. काहीच कारण नसताना झाली असेल, तर रक्तस्रावाचा धोका फार नसल्यास औषध बहुधा पुढेही चालू ठेवतात, रिपोर्ट काहीही येवो. पॅकेजमध्ये घुसवलेली एमटीएचएफआर जनुकाची चाचणी तर सरळ गाळावी.

तपासणीचा विचार करावा तो पन्नाशीच्या आत कारणाशिवाय गुठळी झाली आणि आईवडील किंवा भावंडांतही इतिहास असेल तेव्हा. मेंदूच्या किंवा पोटातल्या शिरांत झाली तेव्हा. वॉरफेरिन सुरू करताच कातडी काळी पडली तेव्हा. पोटातल्या शिरांसाठी जॅक-टू जनुकाची चाचणी विसरू नये, तिथे मूळ कारण कधी कधी अस्थिमज्जेत असतं.

एका आजारात मात्र रिपोर्टवरून औषधच बदलतं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीरानं स्वतःविरुद्धच तयार केलेल्या अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार. हा जन्मजात नसतो, मागाहून होतो. शिरांबरोबर धमन्यांतही गुठळ्या करतो, वारंवार गर्भपात घडवतो. तरुण वयात पक्षाघात झाला तर याची आठवण ठेवावी. तीन चाचण्या: लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून शिक्का मारायचा नाही, साध्या तापानंतरही ती तात्पुरती येऊ शकते. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर रिव्हॅरोक्साबॅन नको, वॉरफेरिनच बरं. आणि रिव्हॅरोक्साबॅन चालू असताना लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

आता या चाचण्यांसाठी रक्त घेतात ती निळ्या झाकणाची नळी. तिच्यात रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, एका भागाला नऊ भाग रक्त. म्हणजे ०.३ मिलिलिटर सायट्रेटवर २.७ मिलिलिटर रक्त, बरोबर खुणेपर्यंत. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच भरली की सायट्रेट जास्त होतं आणि निकाल बिघडतो. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंटसाठी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, दोनदा सेंट्रिफ्यूज करावा, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवावा लागतो. एकदाच फिरवून गोठवला तर उरलेल्या प्लेटलेट फुटतात आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसू शकतो. लहान गावातून नमुना कुरियरनं जातो तेव्हा नेमकी इथेच गफलत होते.

गणपती-गौरीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. सख्ख्या भावाला किंवा आईला गुठळी झाली असेल तर त्या घेण्याआधी डॉक्टरांना तेवढं सांगा. त्यासाठी रिपोर्ट लागत नाही, घरातला इतिहास पुरतो. आणि तपासणीसाठी रक्त द्यायला गेलात तर लॅबच्या फॉर्मवर तीन गोष्टी लिहायला लावा: गुठळी कधी झाली, औषध कोणतं, शेवटचा डोस किती वाजता घेतला. नमस्कार.